अंतरानें वाढणारें अंतर

स्वयंपाकघरांत फोडणी पडली कीं तिची वर्दी ओसरीवर बसलेल्या मंडळींस क्षणार्धांत मिळते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिच्यांत कांहीं नवल असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु पदार्थविज्ञानाच्या आधारें हिशेब करूं गेल्यास येथेंच एक मोठें कोडें उभें राहतें. अगदीं निश्चल हवेंत एखाद्या वाफेचे रेणु किती त्वरेनें पसरतात, याचीं मापें शास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच घेऊन ठेविलेलीं आहेत. त्या मापांप्रमाणें, रेणूंच्या स्वतःच्या धडपडीवरच सर्व भार टाकला, तर फोडणीच्या वासाला दहा फुटांचें अंतर ओलांडावयास निदान अडीच दिवस तरी लागावेत. सोमवारीं सकाळीं केलेल्या आमटीचा सुगंध ओसरीवर पोंचेपर्यंत बुधवारची मध्यरात्र व्हावी! साखरेची गोष्ट तर याहून विलक्षण. पेल्यांतील पाणी तिळमात्रहि न हालवितां तळाशीं साखर ठेविली, तर तिची गोडी दोन इंच वर चढावयास जवळ जवळ महिना लागेल. म्हणून तर आपण चमचा फिरवितों.

चमचा फिरविल्यानें नेमकें काय होतें, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाहीं. चमच्यानें पाण्यांत मोठे भोवरे उठतात, त्यांतून लहान भोवरे निघतात, आणि साखरेचे कण या भोवऱ्यांच्या पाठीवर बसून प्रवास करितात. घरांतील हवेंत चुलीची ऊब, दारांतून येणारी झुळूक आणि माणसांची ये-जा हीं चमच्याचें काम करितात. भोवऱ्यांनीं भरलेल्या आणि क्षणोक्षणीं आपली दिशा बदलणाऱ्या अशा प्रवाहाच्या स्थितीस शास्त्रांत 'संक्षोभ' म्हणतात. व एखाद्या पदार्थाचे कण आपोआप चोहोंकडे पसरण्याच्या क्रियेस 'विसरण' अशी संज्ञा आहे. संक्षोभांत होणारें विसरण हें साध्या विसरणाहून केवळ शीघ्र असतें असें नव्हे, तर त्याची जातच निराळी आहे. ही जात कोणती, ती कशी ओळखली गेली, आणि ती ओळखणाऱ्या गृहस्थांवर त्यापायीं कोणता प्रसंग ओढवला, हें वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम साध्या विसरणाचा नियम पाहूं. सन १८२७ मध्यें रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञांना पाण्यांत तरंगणारे परागांतील सूक्ष्म कण अविश्रांत थरथरतांना दिसले. सन १८५५ मध्यें आडोल्फ फिक यांनीं विसरणाचें समीकरण मांडलें. आणि १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं या दोन गोष्टींचा सांधा जुळविला. कणावर चोहोंकडून पाण्याचे रेणु आदळत असतात. प्रत्येक धक्क्यासरशी कण किंचित् सरकतो, आणि पुढच्या धक्क्याला मागच्या धक्क्याची कांहींच आठवण नसते. त्याच वर्षीं कार्ल पिअर्सन यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत हाच प्रश्न पायीं चालणाऱ्या माणसाच्या रूपानें विचारला होता. एक मनुष्य कांहीं अंतर सरळ चालतो, मग वाटेल त्या दिशेस वळून पुन्हां तितकेंच अंतर चालतो; असें पुष्कळ वेळां केल्यावर तो मूळ जागेपासून किती दूर गेलेला असेल? उत्तर असें कीं, त्याचें अंतर सरासरीनें काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतें. चौपट वेळ चालला तर अंतर दुप्पट, शंभरपट वेळ चालला तर दसपट. पुढें टाकलेलीं बहुतेक पावलें नंतरच्या पावलांनीं खोडून काढलीं जातात, म्हणून हा प्रवास असा रडतखडत होतो.

या विसरणाचें वैशिष्ट्य हें कीं, त्याच्या वर्णनास एकच आंकडा पुरतो. त्यास विसरण-गुणक म्हणतात. निश्चल हवेंतील वायूंच्या बाबतींत तो सेकंदास सुमारें ०.२ चौरस सेंटिमीटर असतो. हा गुणक ठाऊक असला कीं कण एक इंच पसरो कीं एक मैल, त्याच गुणकानें सर्व हिशेब करितां येतो. साहजिकच प्रारंभीच्या हवामानशास्त्रज्ञांना असें वाटलें कीं, वाऱ्यांतील भोवऱ्यांसाठींहि असाच एक मोठा गुणक शोधून काढावा म्हणजे काम झालें. त्यांनीं तो मोजलाहि. परंतु प्रत्येकाचें उत्तर निराळें आलें. थोडाथोडका फरक असता तर तो हत्यारांच्या माथीं मारतां आला असता. पण येथें एकाचें उत्तर दुसऱ्याच्या हजारों पटींनीं मोठें होतें. या गोंधळांतच एक नियम दडलेला आहे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांचें नांव लुईस फ्राय रिचर्डसन.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें एका क्वेकर कुटुंबांत झाला. कोणत्याहि कारणासाठीं शस्त्र धरूं नये, ही या पंथाची शिकवण. पहिलें महायुद्ध पेटल्यावर त्यांनीं लढण्यास नकार दिला. पण घरीं स्वस्थ बसणेंहि त्यांच्या मनास रुचेना. १९१६ सालीं हवामान-खात्यांतील नोकरी सोडून ते फ्रान्सच्या रणभूमीवर गेले आणि जखमी सैनिकांना वाहून नेणारी गाडी हांकूं लागले. या कामांतून जो वेळ उरे त्यांत, थंडगार निवाऱ्यांत वाळलेल्या गवताच्या ढिगावर बसून, ते केवळ गणितानें हवामानाचें भाकीत करितां येतें काय याचे हिशेब करीत. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनीं सहा तासांत हवेच्या दाबांत किती फरक पडेल हें काढलें. उत्तर आलें १४५ मिलिबार. प्रत्यक्षांत त्या दिवशीं दाब जवळ जवळ स्थिरच होता! या ग्रंथाचें हस्तलिखित १९१७ च्या धुमश्चक्रींत गहाळ झालें आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. १९२२ सालीं तें छापून निघालें, तेव्हां रिचर्डसन यांनीं आपलें चुकलेलें भाकीतहि त्यांत जसेंच्या तसें ठेविलें. आज जगभर यंत्रगणकांवर होणारीं हवामानाचीं भाकितें याच रीतीच्या पायावर उभीं आहेत.

त्या ग्रंथांत एक कल्पना त्यांनीं विनोदानें, दोन-चार यमकांत, सांगून टाकलेली आहे. मोठे भोवरे आपली शक्ति लहान भोवऱ्यांस देतात, ते ती आपल्याहून लहानांस देतात, आणि अखेर अगदीं सूक्ष्म भोवऱ्यांत द्रवाच्या किंवा वायूच्या चिकटपणामुळें ती विरून तिची उष्णता होते. जणू वडिलार्जित द्रव्य पिढ्यान् पिढ्या वांटलें जाऊन शेवटच्या पिढीच्या हातीं संपावें! हीच कल्पना मनांत धरून रिचर्डसन यांनीं विसरणाचीं सर्व उपलब्ध मापें एकत्र केलीं. बारीक नळींतील वायूचें माप, जमिनीलगतच्या वाऱ्याचें माप, फुग्यांच्या प्रवासाचें माप, ज्वालामुखीच्या राखेचें माप, आणि शेंकडों मैल व्यापणाऱ्या आवर्तांचेंहि माप. १९२६ सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत दिसून आलें कीं, नळींत जो गुणक ०.२ असतो, तोच मोठ्या आवर्तांच्या बाबतींत १,००,००,००,००,००० च्या घरांत जातो. आणि ही वाढ वाटेल तशी नाहीं; कणांमधील अंतर जसजसें मोठें, तसतसा गुणक मोठा. अंतराच्या चार-तृतीयांश घाताच्या प्रमाणांत गुणक वाढतो, असा त्यांनीं नियम बसविला. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर, अंतर आठपट झालें कीं गुणक सोळापट होतो. अंतर हजारपट झालें कीं गुणक दहा हजारपट.

असें कां व्हावें? पूर आलेल्या नदींत दोन पानें एकमेकांस चिकटून सोडलीं आहेत अशी कल्पना करा. दहा हात रुंदीचा भोवरा आला तर तो दोघांनाहि एकदमच फिरवून नेईल. त्यांच्यामधील अंतरास त्याच्यामुळें फारसा धक्का पोंचणार नाहीं. बोटभर रुंदीचा भोवरा मात्र एका पानास इकडे आणि दुसऱ्यास तिकडे ओढील. तेव्हां आरंभीं फक्त सूक्ष्म भोवरेच त्यांना अलग करूं शकतात, आणि त्यांचा जोर थोडा. पण पानें हातभर लांब झालीं कीं हातभर रुंदीचे भोवरेहि या कामांत सामील होतात. दहा हात लांब झालीं कीं आणखी मोठे. दुरावा जितका अधिक, तितकी दुरावा वाढविणाऱ्यांची संख्या आणि ताकद अधिक. साध्या विसरणांत कण किती दूर गेला आहे याचें रेणूंना कांहींच सोयरसुतक नसतें. संक्षोभांत मात्र अंतर हेंच अंतर वाढण्याचें कारण होऊन बसतें.

म्हणूनच रिचर्डसन यांनीं मोजण्याची रीतहि बदलली. एखादा कण मूळ जागेपासून किती दूर गेला, हें न पाहतां, दोन कण परस्परांपासून किती दूर गेले हें त्यांनीं पाहिलें. वाऱ्याबरोबर सबंध ढगच पुढें वाहून गेला, तर त्याचा पसारा वाढला असें होत नाहीं; पसारा वाढतो तो शेजारी शेजाऱ्यापासून दुरावल्यामुळें. त्याच निबंधांत त्यांनीं आणखी एक धिटाईचा प्रश्न विचारला आहे: वाऱ्याला वेग असतो काय? प्रश्न वेड्यासारखा वाटतो खरा. परंतु अधिकाधिक अल्प काळांत वाऱ्याचें चलन मोजूं गेल्यास आंकडा स्थिरावण्याऐवजीं हेलकावेच खात राहील, तर वेग म्हणावयाचें कशाला? एकोणिसाव्या शतकांत वायरस्ट्रास यांनीं एक असा वक्र दाखविला होता कीं जो कोठेंहि तुटत नाहीं, पण ज्याला कोणत्याच बिंदूपाशीं निश्चित उतार नाहीं. गणितज्ञ ज्यास केवळ कागदावरचें कौतुक समजत होते, तसेंच कांहीं वाऱ्यांत असूं शकेल, असें सुचविण्याचें धैर्य रिचर्डसन यांनीं दाखविलें.

या नियमाचा हिशेब पुढें नेला कीं आश्चर्यकारक निष्कर्ष निघतो. साध्या विसरणांत अंतराच्या वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणांत वाढते; म्हणजे काळाचा घातांक १. बंदुकीच्या गोळीप्रमाणें कण एकाच वेगानें सरळ जात राहिला, तर तो घातांक २ होतो. रिचर्डसन यांच्या नियमानें मात्र तो ३ येतो! चौपट काळांत साधें विसरण अंतर दुप्पट करितें, सरळ गति चौपट करितें, तर संक्षोभ आठपट करितो. संक्षोभांतील दोन कण एकसारख्या वेगानें सरळ पळणाऱ्या कणांहूनहि अधिक त्वरेनें दुरावतात, कारण अंतराबरोबर त्यांचा वेगहि वाढत असतो. ज्या विसरणांत हा घातांक १ नसतो, त्यास आज सामान्यतः विलक्षण विसरण म्हणतात. तें मंदहि असूं शकतें. कांहीं अस्फटिक पदार्थांत विद्युत्कण जागोजागीं अडकून पडतात व घातांक १ पेक्षां कमी येतो, हें शेर व माँट्रोल यांनीं १९७५ सालीं दाखविलें.

निरीक्षणांवरून बसविलेल्या या नियमास तात्त्विक आधार मिळाला तो पंधरा वर्षांनीं. १९४१ सालीं रशियांत कोल्मोगोरोव यांनीं असें मांडलें कीं, मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे दर सेकंदास जी शक्ति वाहत जाते, तिच्या प्रमाणावरच मधल्या सर्व भोवऱ्यांचें वर्तन अवलंबून असतें; तो प्रवाह कोणी, कोठें व कसा ढवळला याचा त्यांना विसर पडलेला असतो. एवढें गृहीत धरलें, कीं शक्तीच्या या ओघापासून आणि अंतरापासून विसरण-गुणक बनविण्याची एकच रीत उरते, आणि तींत अंतराचा घात चार-तृतीयांश हाच येतो. हा दुवा त्याच वर्षीं ओबुखोव यांनीं जुळवून दाखविला.

परंतु विसरणाची ही विद्या तोंवर निराळ्याच लोकांच्या हातीं गेलेली होती. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें क्लोरीन वायु वाऱ्यावर सोडला. त्याच वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं लूस येथें ब्रिटिशांनींहि तो सोडला, आणि कांहीं ठिकाणीं वारा फिरल्यामुळें तो त्यांच्याच खंदकांवर परत आला. विषारी वायूचा ढग किती वेळांत किती पसरेल, कोठवर मारक राहील, हा प्रश्न तेव्हांपासून सेनापतींना हवाहवासा वाटूं लागला. इंग्लंडांत पोर्टन डाऊन येथें रासायनिक युद्धासाठीं चाललेल्या संशोधनांत हवेंतील विसरणाचा पद्धतशीर अभ्यास झाला. रिचर्डसन यांनीं १९२० सालीं, हवामान-खातें विमानदलाच्या मंत्रालयाकडे गेलें तेव्हांच, तेथील आपल्या जागेचा राजीनामा दिला होता आणि ते शिक्षकाचा पेशा करीत होते. पण जें ज्ञान छापून प्रसिद्ध झालें त्याचा राजीनामा कसा देणार? आपल्या संशोधनाविषयीं सर्वांत अधिक आस्था दाखविणारे लोक विषारी वायूचे तज्ज्ञ आहेत, हें त्यांच्या ध्यानांत आलें, तेव्हां त्यांच्या मनास मोठा धक्का बसला. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनीं सांगून ठेविलें आहे कीं, त्यांनीं हवामानाचें संशोधन थांबविलें आणि जें अप्रकाशित होतें तें नष्ट करून टाकलें.

ज्या विषयांत त्यांचें सारें आयुष्य गेलें असतें, तो सोडून त्यांनीं वयाच्या पंचेचाळिशीनंतर मानसशास्त्राचा अभ्यास आरंभिला आणि उर्वरित आयुष्य युद्धांचीं कारणें गणितानें शोधण्यांत वेंचलें. राष्ट्रें एकमेकांच्या भयानें शस्त्रें कशीं वाढवीत जातात, शेजारी राष्ट्रांत लढाया किती होतात, याचीं कोष्टकें त्यांनीं तयार केलीं. त्यांचे या विषयावरील दोन मोठे ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० सालीं, प्रसिद्ध झाले.

विसरणाकडे ते एकदां परत आले, पण तें दुसरें महायुद्ध संपल्यावर आणि हवेऐवजीं पाण्यांत. १९४८ सालीं त्यांनीं आणि तरुण अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनीं मिळून एक छोटा निबंध लिहिला. स्कॉटलंडांतील लॉख लाँग या खाडींत त्यांनीं पार्सनिप या गाजरासारख्या पांढरट कंदाचे तुकडे दोन दोन करून सोडले आणि त्यांच्यामधील अंतर कसें वाढतें तें मोजलें. हा कंद जवळ जवळ सर्व बुडून तरंगतो, म्हणून वारा त्यास ढकलीत नाहीं, आणि पांढरा असल्यामुळें तो दुरून दिसतो. भाजीवाल्याकडून आणलेल्या या साधनानें जो घातांक मिळाला, तो चार-तृतीयांशाच्या अगदीं जवळचा होता. जो नियम आकाशांत, तोच समुद्रांत. पांच वर्षांनीं, ३० सप्टेंबर १९५३ रोजीं, रिचर्डसन यांचें देहावसान झालें.

त्यांच्या पश्चात् या विषयाचें गणित पुष्कळ वाढलें. १९८७ सालीं श्लेसिंगर, वेस्ट आणि क्लाफ्टर या तिघांनीं पिअर्सन यांच्या त्या पांथस्थालाच नवी चाल शिकविली: बहुतेक वेळां लहान पावलें, पण मधूनच एखादी प्रचंड झेप, आणि झेप जितकी लांब तितका तिचा वेग अधिक. या चालीनेंहि रिचर्डसन यांचा घातांक ३ मिळतो. दुसरा एक मार्ग अपूर्णांकी अवकलनाचा आहे. कलनशास्त्रांत एकदां किंवा दोनदां अवकलन करितात; पण अर्धें अवकलन म्हणजे काय, हा प्रश्न १६९५ सालींच लोपिताल व लाइब्नित्स यांच्या पत्रव्यवहारांत निघाला होता. तीन शतकें कुतूहलाचा विषय असलेलें हें गणित आज विलक्षण विसरणाच्या वर्णनास उपयोगी पडत आहे. मात्र नियमाच्या मर्यादाहि उघड झाल्या आहेत. दोन कण आरंभीं किती जवळ होते याची आठवण त्यांना कांहीं काळ राहते व त्या अवधींत घातांक २ च येतो, असें बॅचेलर यांनीं १९५० सालीं सांगितलें होतें; आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या, वेगवान कॅमेऱ्यांनीं कण टिपणाऱ्या प्रयोगांत, ही आठवण अपेक्षेहून पुष्कळच दीर्घ टिकते असें आढळलें. प्रयोगशाळेच्या हौदांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भोवऱ्यांमध्यें पुरेसें अंतर नसतें. म्हणून घातांक ३ निर्विवाद दाखविणें तेथें फार कठीण जातें.

२६ एप्रिल १९८६ रोजीं चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. दोनच दिवसांनीं, तेथून सुमारें ११०० किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमधील फोर्समार्क येथें एका कामगाराच्या जोड्यांवर किरणोत्सर्गी धूळ आढळली, आणि मगच जगाला अपघाताची वार्ता कळली. अशा वेळीं तो ढग कोठें जाईल, किती विरळ होईल, कोणत्या गांवच्या मुलांना घरांत ठेवावें, हें सांगणारें गणित विसरणाचेंच असतें. कारखान्याचें धुराडें किती उंच बांधावें, हेंहि त्याच गणितानें ठरतें. ज्या विद्येनें वायूचा मारा मोजला, तीच आज त्यापासून बचावाचा मार्ग दाखविते. समीकरणांत ढग विषाचा कीं धुराचा, सोडणारा शत्रु कीं दुर्दैव, याला स्थान नाहीं. तें स्थान जाणत्या माणसानें आपल्या वर्तनांत ठेवावयाचें असतें. रिचर्डसन यांनीं तें ठेविलें, आणि त्यासाठीं आपल्या कागदांची किंमत मोजली. नियम मात्र टिकला. कारण तो त्यांच्या कागदांत नव्हता, वाऱ्यांत होता.